पाटीखाली लिहायची दुसरी पाटी

इंजिनाच्या अंगावर कारखान्याची पितळी पाटी असते. कारखान्याचं नाव, गाव, क्रमांक, साल. मँचेस्टर, लीड्स, ग्लासगो, बर्लिन. दिल्लीला चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, १ फेब्रुवारी १९७७ ला सुरू झालेलं. तिथल्या मोकळ्या आवारात उभ्या असलेल्या इंजिनांमधून हिंडताना या पाट्या वाचत जायची सवयच लागते. बोट फिरवलं तर अक्षरं अजून धारदार लागतात. इंजिन कुणी बनवलं ते लगेच कळतं. कुणी चालवलं, कुणी पुसलं, कुणी त्यात कोळसा भरला, याचा कुठे पत्ता नाही.

मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. माझे मोठे काका, घरात सगळे त्यांना आबा म्हणत, लोकोशेडमध्ये क्लीनर म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे संग्रहालयातली वस्तू पाहिली की ती धरणारा हात आधी डोळ्यांपुढे येतो. खालच्या यादीत वस्तूपुढे म्हणूनच तिच्या माणसाचा हुद्दा लिहिला आहे. वस्तू निदान काचेआड राहिली. हुद्दे तेवढेही राहिले नाहीत.

पुठ्ठ्याचं तिकीट: बुकिंग क्लार्क

लांबी ५७ मिलिमीटर, रुंदी साडेतीस. इंग्लंडात थॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तरांनी १८३० च्या दशकात ही पद्धत काढली. आधी ते लाकडी कपाटं बनवायचे. पुढे दीडशे वर्षं जगभर तिकीट याच मापाचं राहिलं. आपल्याकडे संगणकावरचं कागदी तिकीट येईपर्यंत हेच होतं.

तिकिटाच्या आकारापेक्षा त्यावरचा अनुक्रमांक महत्त्वाचा. खिडकीमागे लाकडी कपाट असे, त्यात उभे खाने, एकेका स्टेशनाचा एकेक खाना. सगळ्यांत लहान क्रमांक तळाशी. क्लार्क बोटाने तळातलं तिकीट ओढी, तारखेच्या यंत्रात खुपसी, खाट् असा आवाज होई आणि तिकीट सुट्ट्या पैशांसकट जाळीखालून बाहेर येई. पाळी संपली की प्रत्येक खान्यात आता कुठला क्रमांक तळाशी आहे ते उतरवून घ्यायचं. सकाळच्या आणि आताच्या क्रमांकातला फरक म्हणजे विक्री. पेटीतले पैसे त्याच्याशी जुळले पाहिजेत. कमी भरले तर क्लार्कच्या खिशातून. गर्दीच्या दिवसांत, जत्रेला, लग्नसराईत, खिडकीपुढे माणसांचा लोंढा असताना हा हिशेब चोख ठेवणं हे मोठं काम होतं, आणि ते करणाऱ्या माणसाला प्रवासी फक्त तुसडा बाबू म्हणून ओळखत.

अर्ध्या तिकिटासाठी पुठ्ठा कापत. खान्यातून ओढून ओढून क्लार्कच्या बोटाचं टोक घट्ट होई. ही तिकिटं छापणारे, क्रमांक चुकला तर तो गठ्ठा बाजूला काढणारे कामगार तर प्रवाशांना कधी दिसलेच नाहीत.

गोळा: स्टेशनमास्तर, पॉइंट्समन, सिग्नलचा मेंटेनर

संग्रहालयात पोरांना हे यंत्र कळत नाही, कारण ते हलत नाही. लाल रंगाचं, ओतीव लोखंडाचं, पुढे एक दांडा, वर काचेत काटा. नीलचं टोकन यंत्र. मला विचाराल तर रेल्वेच्या साऱ्या वस्तूंमध्ये सर्वांत शहाणी वस्तू हीच.

एकेरी मार्ग. दोन स्टेशनांमध्ये एकच रूळ, त्यावरून दोन्ही दिशांच्या गाड्या. समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन्ही स्टेशनांत असं एकेक यंत्र, तारेने एकमेकांशी बांधलेलं. इकडचा मास्तर घंटीचे ठोके देऊन पलीकडे विचारतो: गाडी सोडू का? पलीकडचा मास्तर आपली लाइन मोकळी आहे याची खात्री करतो, ठोक्यांनीच होकार देतो आणि आपला दांडा फिरवतो. त्याच्या यंत्रावर काटा ‘ट्रेन कमिंग फ्रॉम’वर जातो. मग इकडचा दांडा फिरू शकतो, इथे काटा ‘ट्रेन गोइंग टू’ दाखवतो आणि यंत्राच्या पोटातून धातूचा एक गोळा गडगडत खाली येतो. त्यावर दोन्ही स्टेशनांची अक्षरं कोरलेली. एक गोळा बाहेर आला की दोन्ही यंत्रं अडकली. तो पलीकडच्या यंत्रात पडेपर्यंत, किंवा गाडी सोडायची रद्द झाली तर याच यंत्रात परत जाईपर्यंत, कुठूनही दुसरा गोळा निघत नाही. ड्रायव्हरच्या हातात तो गोळा असेल तरच त्याने पुढच्या टप्प्यात शिरायचं. तोही अक्षरं वाचून, आपल्याच टप्प्याचा आहे ना, ते पाहून.

आता यात माणसं किती आहेत पाहा. दोन मास्तर. गोळा कातडी पिशवीत घालून, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून, फलाटाच्या काठावर कडं उंच धरून उभा राहणारा पॉइंट्समन. मराठीत सांधेवाला. न थांबणारी गाडी अंगावर येते आहे, इंजिनाच्या पायरीवर फायरमन एक हात बाहेर काढून वाकलेला. आधीच्या टप्प्याचं कडं तो फलाटावर फेकतो आणि पुढच्याच क्षणी हे कडं त्याच्या दंडात शिरतं. रात्री सांधेवाल्याच्या दुसऱ्या हातात पेटता टेंभा, कडं दिसावं म्हणून. आबांच्या डाव्या कोपराच्या वर एक पट्टा काळसर पडला होता. “कडं सुटलं तर गाडी थांबवायची, उतरायचं, मागे जाऊन हुडकायचं,” ते सांगायचे. “अंधारात, पावसात. म्हणून सोडायचंच नाही.”

आणि एक माणूस, ज्याचा उल्लेख कुठेच येत नाही. समजा एका दिशेने गाड्या जास्त गेल्या. मग एका स्टेशनाच्या यंत्रात गोळे साचत जातात, दुसऱ्याचे संपत येतात. अशा वेळी सिग्नल विभागाचा मेंटेनर येऊन यंत्र उघडी, मोजून गोळे काढी, नोंद करी, दुसऱ्या टोकाला नेऊन तिथल्या यंत्रात भरी. हे त्याने केलं नाही तर गाड्या अडणार. रोज कुणाच्या तरी ध्यानात ठेवण्यावर मार्ग चालू होता.

सिग्नलचा हात: केबिनमन, बत्तीवाला

खांबावरचा लाल हात. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या मुलखात जुने सिग्नल खाली झुकणारे. हात आडवा म्हणजे थांब, झुकला म्हणजे ये. हा हात तारेने ओढायचा, तार छोट्या कप्प्यांवरून रुळाच्या कडेने केबिनपर्यंत गेलेली, आणि केबिनमध्ये तरफांची रांग. तांबड्या तरफा थांब-सिग्नलच्या, काळ्या सांध्यांच्या, निळ्या कुलपांच्या, पांढऱ्या रिकाम्या. तार तुटली तर वजनामुळे हात आपोआप आडवा होतो, म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे. तरफांच्या खाली लोखंडी पट्ट्या एकमेकींत अशा गुंतवलेल्या की एका गाडीला वाट दिली की तिला छेद देणारी दुसरी वाट देताच येऊ नये. केबिनमनची चूक होऊ नये याची ही सोय.

पण ताकद केबिनमनचीच. दूरच्या सिग्नलची तार लांबच लांब. उन्हाळ्यात दुपारी तार तापून ढिली पडते, तरफ पूर्ण ओढली तरी हात अर्धवट झुकतो, आणि अर्धवट झुकलेला हात ड्रायव्हरला काहीच सांगत नाही. मग तार ताणून घ्यायची. संध्याकाळी थंड झाली की पुन्हा सैल करायची. खानदेशातल्या मे महिन्यात हे रोजचं. तरफ ओढताना केबिनमनच्या हातात फडकं असे. घामाने लोखंड गंजू नये म्हणून. दांड्यांची ती चकाकी संग्रहालयात राहिलेली नाही, त्यांवर आता रंग आहे.

सिग्नलच्या हाताच्या मुळाशी दोन भिंगं असतात, त्यामागे दिवा. इथे मी बराच वेळ उभा राहिलो. एक भिंग लाल. दुसरं हिरवं असायला हवं, पण जवळून ते निळसर दिसतं. शेजारी एक मुलगी आईला म्हणाली, “हे तर निळं आहे.” बरोबर पाहिलं तिने. मागचा दिवा रॉकेलचा, त्याची ज्योत पिवळी. पिवळ्या उजेडापुढे निळसर काच धरली की लांबून दिसणारा रंग हिरवा. काच करणाऱ्याने ज्योतीचा हिशेब धरला होता. दिवा नाही म्हणून काच आज निळी दिसते.

तो दिवा बत्तीवाला भरायचा. लॅम्पमन. स्टेशनाच्या एका टोकाला दिव्यांची खोली, रॉकेलचा वास, काजळी पुसायच्या चिंध्या. वात कातरायची, काच पुसायची, दिवे घेऊन रुळाकडेने चालत जायचं, प्रत्येक खांबाची लोखंडी शिडी चढायची, दिवा बसवायचा, उतरायचं. पावसातसुद्धा. एखादा दिवा रात्री विझला तर जो ड्रायव्हर तो रस्ता ओळखतो त्याला तिथे सिग्नल असल्याचं ठाऊक असतं, उजेड न दिसणं म्हणजेच थांबणं. मग बत्तीवाल्याला पुन्हा शिडी.

विजेचे रंगीत सिग्नल आले तसे हात उतरले. उतरले ते चांगलं झालं, ड्रायव्हरला लांबून आणि नीट दिसू लागलं. पण बत्तीवाल्याची पाटी लावायला कुणाला सुचलं नाही.

रुळाचा तुकडा: खलाशी

स्टेशनाच्या ओट्यावर दोरीने टांगलेला. गाडी आधीच्या स्टेशनावरून सुटली की खलाशी लोखंडी दांडक्याने ठोके देई. गावात त्यावरून माणसं घरातून निघत.

गार्डची पेटी: बॉक्स पोर्टर

काळी लोखंडी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगाने गार्डचं नाव आणि मुख्यालय. आत लाल आणि हिरवी झेंडी, तीन रंगांचा हातदिवा, रुळावर लावायचे फटाके, प्रथमोपचाराचं साहित्य, कुलपं, नियमांची पुस्तकं, वेळापत्रक. ही पेटी प्रत्येक फेरीला ब्रेकव्हॅनमध्ये चढवायची आणि फेरी संपली की उतरवायची. डोक्यावरून, पुलावरून, दहा-बारा डबे चालत. हे काम बॉक्स पोर्टरचं.

पेटीवर गार्डचं नाव होतं, ते मला नेहमी आवडलं. जी माणसाच्या नावाची होती अशी रेल्वेतली ही एक वस्तू. २०२२ च्या जानेवारीत गार्ड हा हुद्दाच जाऊन ‘ट्रेन मॅनेजर’ आला. पेट्यांच्या जागी चाकांच्या बॅगा येत आहेत. डोक्यावर ओझं वाहण्याचं काम संपलं तर हवंच आहे. पण वर्षानुवर्षं ते ओझं वाहिलेल्यांपैकी एकाचं तरी नाव पेटीशेजारी असावं, गार्डच्या नावाखाली.

फावडं: दुसरा फायरमन, पहिला फायरमन

संग्रहालयातलं एक मोठं इंजिन बेंगॉल नागपूर रेल्वेचं आहे, क्रमांक ८१५, मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्याचं गॅरट. एक बॉयलर, त्याच्या पुढे-मागे दोन इंजिनं, चोवीस चाकं. माणसं त्याच्या चाकांशेजारी उभी राहून फोटो काढतात. चाकं मोठी आहेत खरी. मी कॅबकडे पाहत होतो. भट्टीचं तोंड केवढं, कोळसा कुठून यायचा, फावडं फिरवायला जागा किती.

बाहेरून वाटतं कोळसा टाकणं म्हणजे मेहनतीचं काम. आबा म्हणायचे, ते डोक्याचं काम आहे. भट्टीत आग सारखी पसरलेली हवी. कोपऱ्यांत आणि दाराखाली जाड थर, मधे पातळ. एकदम ढीग टाकला तर धूर काळा निघतो, वाफ पडते, कोळसा वाया जातो. थोडा थोडा टाकायचा, पण थांबायचं नाही. कोळसा हवा तिथे पडावा म्हणून फावड्याचं पातं दाराशी मनगटाने वळवायचं. भट्टी पांढरीफटक पेटलेली असते, आत पाहिलं तर डोळे दिपतात, म्हणून फावडंच तिरकं करून दाराच्या आत धरायचं. त्याने हवा वळते, झळ आडोशाला जाते आणि आगीत भोक कुठे पडलंय ते दिसतं. म्हणजे फावड्याने कोळसाही टाकायचा आणि आगही वाचायची.

तोवर दुसरा फायरमन टेंडरमध्ये कोळशाची ढेकळं फोडतोय, पुढे ओढतोय. पहिला काचेच्या नळीतली पाण्याची पातळी पाहतोय. पाणी फार खाली गेलं तर भट्टीच्या छतातली शिशाची गुळी वितळते, वाफ आत घुसून आग विझवते, गाडी उभी राहते आणि चौकशी लागते. बॉयलर फुटण्यापेक्षा ते बरं. आबांची गाडी एकदाही तशी उभी राहिली नाही, याचा त्यांना निवृत्तीनंतरही अभिमान होता.

शिडी अशी: क्लीनर, दुसरा फायरमन, पहिला फायरमन, शंटर, मालगाडीचा ड्रायव्हर, मग पॅसेंजर, मग मेल. मेलवर जाईपर्यंत केस पिकत. चित्तरंजनने मोठ्या मापाचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० मध्ये बांधलं, त्याचं नाव ठेवलं अंतिम सितारा. मोठ्या मार्गावरची नेहमीची वाफेची गाडी १९९५ च्या डिसेंबरात फिरोजपूर आणि जालंधरच्या दरम्यान शेवटची धावली. इंजिनांचं जतन झालं, काही चालवलीही जातात. पण भट्टीतली आग फावड्याच्या आडोशाने वाचता येणारे डोळे आता थोडेच उरलेत, आणि ते सगळे म्हातारे आहेत.

फटाके: धुक्यातला सिग्नलमन

दिल्लीच्या हिवाळ्यात ही वस्तू लगेच कळते. पसरट, चपटी डबी, शिशाच्या पट्टीने रुळावर बांधायची. चाक चढलं की फुटते. धुक्यात सिग्नल दिसत नाही, म्हणून त्याच्या २७० मीटर अलीकडे, एकमेकींपासून १० मीटरवर अशा दोन डब्या लावत. दोन आवाज म्हणजे सिग्नल जवळ आला, लक्ष द्या. त्या डब्या लावायला माणूस रात्रभर रुळाशेजारी, शेकोटीशेजारी. गाडी गेली की पुन्हा दोन डब्या. आता इंजिनातच उपग्रहाच्या मदतीने पुढचा सिग्नल किती लांब आहे ते सांगणारं यंत्र असतं.

खेचरांची मोनोरेल: खेचरवाले

संग्रहालयाची शान म्हणावी अशी गाडी पतियाळा संस्थानची. १९०७ सालची. वजनाचा बहुतेक भार एकाच रुळावर, तोल सांभाळायला बाजूला एक मोठं चाक रस्त्यावरून चालणारं. बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्याची इंजिनं तिला होती, ते पाटीवर आहे. काही भाग सुरुवातीला खेचरंच ओढत. खेचरांना कोण हाकायचं, ते कुठेही नाही.

पाण्याच्या दोन घागरी: पाणीवाले

फलाटावर पाणी देणारे दोघे असत, एक हिंदूंसाठी, एक मुसलमानांसाठी. हाकाही तशाच. ही गोष्ट गेली, त्याबद्दल हळहळ नको. तरी यादीत घेतो, कारण ती विसरली तर जुनी रेल्वे उगीच गोड वाटू लागते. आणि या दोन घागरींपैकी एकही ज्यांच्यासाठी नव्हती त्यांना विसरता येत नाही. १९०१ साली बाबासाहेब आंबेडकर लहान असताना भावंडांबरोबर साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले, वडिलांकडे जायला. चांगले कपडे घातलेली मुलं पाहून स्टेशनमास्तरांनी आधी विचारपूस केली, आणि जात कळताच ते मागे सरले. बैलगाडी मिळेना. मिळाली ती दुप्पट भाड्यावर, गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. जिथे फलाटाची प्रतिकृती उभी करतील तिथे मसूरचा फलाटही असावा.

खेकडा: घाटाचे ड्रायव्हर

विजेच्या इंजिनांमध्ये ‘सर रॉजर लम्ली’ उभं आहे. मुंबईच्या गव्हर्नरचं नाव. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा या जातीची इंजिनं तिला ओढत. म्हणजे मुंबई-पुण्याची आपली गाडी, तिचं इंजिन दिल्लीत, नाव गव्हर्नरचं.

त्याच काळातलं मालगाडीचं इंजिन, आखूड नाकाची दोन टोकं आणि चाकांना जोडणारे हलते दांडे असलेलं, घाटात वर-खाली करायचं. त्यालाही एका गव्हर्नरचं नाव दिलेलं होतं. पण कल्याणपासून इगतपुरीपर्यंत, कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत त्याला सगळे खेकडाच म्हणत, आणि पुस्तकांतही पुढे तेच नाव आलं. रेल्वेत चालवणाऱ्यांनी दिलेलं नाव साहेबांच्या नावावर मात करून टिकल्याचं असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत कुर्ल्यापर्यंत १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर पहिली गाडी धावली. २०१६ मध्ये मध्य रेल्वेवरची डीसी पूर्ण संपली. डीसी आणि एसी या दोन विजांची सीमा जोवर इगतपुरीला होती तोवर तिथे इंजिन बदलायला गाडी थांबे, आणि त्या वेळात फलाटावरच्या वडेवाल्यांचा दिवस निघे. दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली, मग डीसीच गेली. त्या थांबण्यावर ज्यांची चूल अवलंबून होती त्यांची नोंद कुणाच्या खात्यात येणार?

माल बदलणारे: हमाल

मनमाडला मोठ्या मापाचा मार्ग आणि निजामाच्या मुलखातून येणारा मीटरगेज एकत्र येत. कुर्डुवाडीला मोठ्या मार्गाला बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग भिडे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने १८९७ ला सुरू केलेली ती गाडी, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेलेली. वारकऱ्यांनी भरलेले तिचे लहान डबे आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी पाहिले. कॅलथ्रॉपचं नाव पुस्तकांत आहे, आणि असायलाच हवं, अरुंद मार्गावर एवढा माल नेता येतो हे त्याने दाखवलं.

पण माप बदललं की डबा पुढे जात नाही. प्रत्येक पोतं एका डब्यातून दुसऱ्यात. ज्वारी, कापूस, गूळ, मीठ, सिमेंट. हे सगळं पाठीवर. दोन मार्गांच्या मधे उंच ओटा, इकडच्या डब्यातून तिकडच्या डब्यात फळी टाकलेली, आणि त्या फळीवरून दिवसभर चालणारी माणसं. मार्ग एका मापाचे झाले, तो ओटा राहिला नाही. नॅरोगेजचं इंजिन जागोजाग चबुतऱ्यावर ठेवलेलं दिसतं. फळी कुणी ठेवली नाही.

याशिवाय

तारबाबूची खटखट. तिकीट तपासनिसाचा चिमटा, ज्याचं भोक पाहून कुठे तपासलं ते ओळखता येई. इंजिनाला पाणी पाजणारा फलाटाच्या टोकाचा उंच नळ आणि त्याची कातडी सोंड धरणारा. १३ मीटरच्या रुळांच्या सांध्यांवरून चाक गेल्याचा ठेका, जो लांबच लांब जोडलेल्या रुळांमुळे गेला. पुश ट्रॉली, जिच्यावर साहेब बसे आणि मागे दोघे जण रुळावरूनच, अनवाणी, पळत ढकलत. रुळाच्या जेमतेम अडीच इंची माथ्यावर पाय न चुकता पळणं ही विद्या आहे, आणि ती शिकवायला कुठेही शाळा नव्हती.

हाकेची वही: कॉलमन

ही वस्तू मला संग्रहालयात दिसली नाही.

ड्रायव्हर-फायरमनची ड्यूटी कधी लागेल त्याला नेम नसे. मालगाडी पहाटे तीनला निघणार असेल तर एकच्या सुमाराला कॉलमन कॉलनीत यायचा. हातात कंदील, काखेत लांबट वही, कुत्री ओळखीची. दाराची कडी वाजवायचा आणि नाव घेऊन हाक मारायचा, मग गाडीचा नंबर. घरातला दिवा लागला, माणूस दारात आला की त्याला सही करायला लावायचा: कोणत्या गाडीसाठी, किती वाजता बोलावलं. सही घेतल्याशिवाय कॉलमन हलत नसे, कारण ड्रायव्हर पुन्हा झोपला आणि गाडी खोळंबली तर आधी वही पाहिली जाई. आजी पोळ्या टाकायला उठायची. आबा डबा घेऊन बाहेर पडायचे तोवर कॉलमन तिसऱ्या गल्लीत हाक मारत असायचा. आता मोबाइल वाजतो.

त्या वहीत रात्रीगणिक नावं होती. ड्रायव्हर, पहिला फायरमन, दुसरा फायरमन, गार्ड. प्रत्येकाची स्वतःच्या हातची सही, काहींचा अंगठा. कारखान्याच्या पितळी पाटीशेजारी लावायला याहून योग्य कागद नाही. शेडं बंद झाली, वह्यांची मुदत संपली आणि नियमाप्रमाणे त्या नष्ट झाल्या असणार. पण माणसांच्या नोकरीची सेवापुस्तकं मंडल कार्यालयांत पेन्शनसाठी जपलेली असतात, आणि निवृत्तांच्या घरी नेमणुकीचे आदेश, परीक्षा पास झाल्याची प्रमाणपत्रं, रस्ता शिकताना लिहिलेल्या चढ-उताराच्या वह्या असतात. आबांची तशी एक वही माझ्याकडे आहे. भुसावळ ते खंडवा, पेन्सिलीने, कुठे रेग्युलेटर बंद करायचा आणि कुठे आधीपासून वाफ जमवायची ते मैलामैलाला लिहिलेलं. मी ती संग्रहालयाला द्यायला तयार आहे, आणि त्याबरोबर तिचा अर्थ सांगणारी कागदाची दोन पानंही लिहीन. कॉलनीत वाढलेल्या, भुसावळच्या, दौंडच्या, मनमाडच्या, कुर्डुवाडीच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे: अशा वह्या घरात असतील तर रद्दीत घालू नका, आणि त्या लिहिणारा माणूस अजून असेल तर या आठवड्यात त्याच्याजवळ बसून तो म्हणेल तसं उतरवून घ्या.